परमुलखातील साक्षीदार

मराठी प्रवासवर्णनांच्या परंपरेत विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाचे स्थान अगदी वेगळे आहे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळवून घरची ओढगस्त दूर करावी या साध्या हेतूने १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि त्याच्या वाट्याला आले ते त्या वर्षीचे बंड, झांशीचा वेढा, शहराची लूट आणि वाटेत स्वतःचे नागवले जाणे. या पुस्तकाचे वाङ्मयीन मोल सर्वमान्य आहे. परंतु त्याकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. परमुलखात सापडलेल्या एका साक्षीदाराची ती जबानी आहे. डोळ्यांनी पाहिलेले कागदावर उतरण्यास सुमारे पाव शतक जावे लागले आणि चिंतामण विनायक वैद्य यांच्या हस्ते ते छापून निघाले १९०७ साली. पाहणारा होता, त्याचे स्मरण शाबूत होते, सांगण्याची हातोटी तर असामान्य होती. पाहिलेले निर्भयपणे सांगता येईल असे ठिकाण मात्र त्याला उपलब्ध नव्हते.

गोडसे भटजींचा काळ बंडाळीचा होता. आजचा प्रवासी पारपत्र, विमा आणि परतीचे तिकीट खिशात ठेवून निघतो. निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, मुलांना परदेशी नोकरी लागलेले आईवडील असे सहस्रावधी मराठी लोक दरवर्षी परदेशी जाऊन येतात. निघण्यापूर्वी त्यांना जे उपदेश केले जातात त्यांत पाकीट पुढच्या खिशात ठेवावे, पारपत्राची प्रत निराळी ठेवावी, इतक्याच आग्रहाने आणखी एक सूचना असते: रस्त्यावर काही घडले तर पाहत उभे राहू नका, मध्ये पडू नका. स्वतः चोरीला बळी पडलो तर काय करावे हे सर्वांना ठाऊक असते. दुसऱ्याची चोरी आपल्या डोळ्यांदेखत झाली तर काय करावे, याचे उत्तर कोणी देत नाही. हा प्रश्न वरवर पाहता नीतीचा वाटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो प्रामुख्याने व्यवस्थेचा आहे आणि नाशिककरांना तर तो येत्या काळात स्वतःच्या दारात सोडवावा लागणार आहे.

परतीचे विमान कधी?

काही वर्षांपूर्वी दक्षिण युरोपातील एका शहरात सपत्नीक असताना ट्रामच्या थांब्यावर घडलेला प्रकार येथे सांगणे अप्रस्तुत ठरू नये. एका वृद्ध परदेशी बाईंच्या कोटावर कोणीतरी काही पातळ पदार्थ सांडला. दुसरा एक सभ्य दिसणारा गृहस्थ हातरुमाल काढून तो पुसावयास पुढे आला. बाई त्याचे आभार मानीत असतानाच तिसऱ्याने त्यांची बाकावर ठेवलेली पर्स उचलली. आम्ही ओरडलो, आणखी दोघे धावले, परंतु तिघेही तीन दिशांना पसार झाले. पोलीस लवकर आले आणि सौजन्याने वागले. आम्ही पाहिले आहे असे सांगताच त्यांच्यातील वयस्क अधिकाऱ्याने प्रथम विचारले ते चोरांचे वर्णन नव्हे. आमचे परतीचे विमान कधी आहे, असे त्याने विचारले. परवा, असे उत्तर दिल्यावर त्याने मान हलवली, नाव आणि चार ओळी लिहून घेतल्या आणि वही मिटली.

त्या अधिकाऱ्याने हयगय केली असे म्हणता येणार नाही. त्याने मनातल्या मनात एक हिशेब केला. खटला उभा राहीपर्यंत बाई त्यांच्या देशी, आम्ही आमच्या देशी. ज्या साक्षीदाराची साक्ष न्यायालयात कधीच होणार नाही त्याच्यासाठी किती शाई खर्च करावी? आणि जो हिशेब त्या अधिकाऱ्याला क्षणात करता आला तो त्या तिघा चोरांनी आधीच केलेला होता, हे लक्षात घेतले पाहिजे. जगभरातील पाकीटमार रेल्वे स्थानके, देवळांचे आवार आणि पर्यटकांचे चौक पसंत करतात ते केवळ तेथे पैसा असतो म्हणून नव्हे. तेथे ज्याचे जाते तोही परका आणि जो पाहतो तोही परका; दोघांपैकी कोणीही तारखेला परत येणार नाही, ही त्या धंद्याची खरी सुरक्षितता आहे.

साक्षीची किंमत

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे कोडे अपरिचित नाही. साक्ष देण्याचा लाभ साऱ्या समाजाला होतो, कारण एक चोर कमी झाला की रस्ता सर्वांनाच निर्धोक होतो. खर्च मात्र एकट्या साक्षीदाराला सोसावा लागतो. ठाण्यात घालवलेले तास, बुडालेली रजा, पडणाऱ्या तारखा, उलटतपासणीतला मनस्ताप आणि प्रसंगी धमकी हे सारे त्याच्या खाती जमा होते. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना आणि खर्च एकाला, तिचा पुरवठा नेहमीच अपुरा राहतो, हे मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ साली सामूहिक कृतीच्या विवेचनात दाखवून दिले. स्थानिक माणसाला निदान आपला चौक निर्धोक झाल्याचे समाधान लाभते. प्रवाशाला तेही नाही, कारण तो त्या चौकात पुन्हा येणार नसतो. त्याच्या बाबतीत खर्च सर्वाधिक आणि लाभ जवळजवळ शून्य असतो.

याला जोडून गॅरी बेकर यांचा १९६८ सालचा प्रसिद्ध निबंध आठवतो. गुन्हेगार शिक्षेची तीव्रता आणि ती होण्याची शक्यता या दोहोंचा मेळ घालून पाहतो, असे त्यातील प्रतिपादन होते. आपल्याकडे गुन्हे वाढले की शिक्षा वाढविण्याची मागणी होते, कारण शिक्षा वाढविणे सोपे असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून केलेल्या चोरीला प्रथमच स्वतंत्र गुन्ह्याचे स्थान मिळाले असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. जुन्या दंडसंहितेत ही उणीव होती, तेव्हा हा बदल स्वागतार्हच. परंतु साक्षीदार उपलब्ध होण्याची शक्यताच शून्य असेल, तर तीन वर्षांना शून्याने गुणून शून्यच हाती येते. सोनसाखळी चोराला हे गणित कोणी शिकवावे लागत नाही.

लोक निष्ठुर झाले आहेत काय?

यावर एक ठरीव उत्तर ऐकू येते. माणसे आत्मकेंद्रित झाली आहेत, समोर खून पडला तरी बघ्याची भूमिका सोडीत नाहीत, हा काळाचा महिमा. या समजुतीला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती न्यूयॉर्कमधील एका घटनेने. मार्च १९६४ मध्ये तेथे किटी जिनोविझ या तरुणीचा रस्त्यावर खून झाला आणि अडतीस शेजारी तो खिडकीतून पाहत राहिले, असे वृत्त गाजले. त्यातूनच डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांचे १९६८ सालचे प्रयोग निघाले. पाहणारे जितके अधिक तितकी प्रत्येकाला आपली जबाबदारी कमी वाटते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे असे आढळले की ते अडतीस साक्षीदार ही बरीचशी वृत्तपत्रीय अतिशयोक्ती होती. ज्या दैनिकाने ती बातमी दिली त्यानेच २०१६ साली तिच्यातील दोष मान्य केले.

त्याहून उद्बोधक आहे तो २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाऊन या तीन शहरांतील रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेले भांडणाचे आणि हाणामारीचे २१९ प्रसंग संशोधकांनी तपासले. त्यांपैकी दहात नऊ प्रसंगी आसपासच्या निदान एका माणसाने तरी हस्तक्षेप केला होता. म्हणजे धावून जाण्याची माणसाची प्रवृत्ती मेलेली नाही. आपल्याकडेही अपघातात जखमी झालेल्याला उचलून नेणारे लोक होतेच. त्यांना भय होते ते मागाहून लागणाऱ्या ससेमिऱ्याचे. हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये अशा परोपकारी माणसांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच त्यांना स्थान मिळाले. तेथे कायद्याने मदतीची किंमत कमी केली. साक्षीची किंमत कमी करण्याकडे मात्र आपले तितके लक्ष गेलेले नाही.

जबाब आणि साक्ष

येथे कायद्यातील एक भेद समजून घेणे अगत्याचे आहे, कारण सुशिक्षितांमध्येही त्याविषयी गैरसमज आढळतो. पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब ही साक्ष नव्हे. त्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही आणि त्याच्या आधारे आरोपीला दोषी ठरवता येत नाही. साक्ष होते ती न्यायालयात, शपथेवर, आरोपीच्या वकिलाला उलटतपासणीची संधी देऊन. हा नियम जाचक वाटला तरी तो योग्यच आहे. पोलिसांनी लिहिलेल्या कागदावर माणसे तुरुंगात जाऊ लागली तर निरपराध्याला वालीच उरणार नाही. परंतु याचा अर्थ असा की साक्षीदाराला पुन्हा यावे लागते आणि नाशिकला घडलेल्या चोरीसाठी दरभंग्याचा किंवा राजमहेंद्रीचा यात्रेकरू दोन वर्षांनी पुन्हा येत नाही. आला तरी त्याचे काय होते हे सर्वोच्च न्यायालयानेच २००० साली स्वर्णसिंग प्रकरणात खेदाने नमूद केले आहे: साक्षीदार दूरवरून येतो, तारीख पुढे ढकलली जाते, त्याला धड बसावयास जागा नसते, आणि शेवटी तो न्यायालयाकडे पाठ फिरवतो.

मग यातून मार्ग नाहीच काय? आहे, आणि तो आरोपीचा हक्क न डावलता काढता येतो. स्पेनच्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात अशी तरतूद आहे की साक्षीदाराच्या वास्तव्याच्या ठिकाणामुळे तो खटल्याच्या वेळी हजर राहू शकणार नाही अशी रास्त भीती असेल, तर न्यायाधीशाने त्याची साक्ष तत्काळ, दोन्ही बाजूंना प्रश्न विचारण्याची संधी देऊन, नोंदवून ठेवावी. आपल्या साक्ष कायद्यालाही हे तत्त्व अपरिचित नाही. ज्या साक्षीदाराला हजर करणे अवाजवी विलंबाचे वा खर्चाचे ठरेल, त्याची पूर्वी न्यायिक कामकाजात झालेली साक्ष, विरुद्ध पक्षाला उलटतपासणीची संधी मिळाली असल्यास, ग्राह्य धरता येते.

दूरस्थ साक्षीचा प्रश्न तर महाराष्ट्रातूनच सुटला. महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रफुल्ल देसाई या प्रकरणात अमेरिकेतील एका डॉक्टरांची साक्ष दृक्श्राव्य माध्यमातून घेता येईल काय, असा वाद होता. १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अशी साक्ष आरोपीच्या उपस्थितीतच झाली असे मानता येते. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई हल्ल्यासंबंधी डेव्हिड हेडली याची साक्ष अमेरिकेतून मुंबईच्या न्यायालयात याच मार्गाने झाली. २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने तर साक्षीदाराला नेमून दिलेल्या ठिकाणाहून दृक्श्राव्य साधनाने साक्ष देण्याची स्पष्ट मुभा दिली आहे. एवढ्या गाजलेल्या खटल्यात समुद्रापलीकडून साक्ष होऊ शकते, तर मंगळसूत्र हिसकावल्याच्या खटल्यात दरभंग्याहून ती का होऊ नये?

साक्ष महागली की संशय स्वस्त होतो

कोणी म्हणेल की एखाद्या पर्सच्या किंवा पाकिटाच्या चोरीसाठी एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर इतिहासात आहे. ठगांचा बंदोबस्त करताना इंग्रजी सत्तेपुढे नेमकी हीच अडचण होती. बळी पडणारा वाटसरू दूरचा, गुन्हा आडरानात आणि पाहणारा कोणीच उरलेला नाही. तेव्हा माफीच्या साक्षीदारांचा आधार घेण्यात आला आणि १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढाच जन्मठेपेला पुरेसा गुन्हा ठरवला गेला. कृत्य सिद्ध होत नाही म्हणून संबंध सिद्ध करावयाचा, ही ती युक्ती. पस्तीस वर्षांनी, १८७१ साली, तीच विचारसरणी पुढे जाऊन संपूर्ण जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरल्या. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहत ही त्याची आपल्याकडील खूण. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, शिक्का गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे १९८७ साली प्रसिद्ध झालेले 'उचल्या' ज्यांनी वाचले आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको.

आणि हा केवळ गतकाळाचा इतिहास नाही. नाशिकपासून फार दूर नसलेल्या धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, १ जुलै २०१८ रोजी आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी हिंडत आलेले वाटसरू होते. मुले पळविणाऱ्या टोळ्यांची अफवा भ्रमणध्वनीवरून पसरलेली होती. अनोळखी चेहरे दिसताच कोणत्याही साक्षीपुराव्यावाचून निकाल लागला आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात त्याची अंमलबजावणीही झाली. २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली. त्या दिवशी पाहणारे शेकडो होते. परक्या गावात सापडलेल्या पाच माणसांच्या बाजूने बोलणाऱ्याचा आवाज मात्र जमावापुढे चालला नाही.

या दोन टोकांत एक सूत्र आहे. जेथे पाहिलेले सांगण्याची आणि सांगितलेले तपासण्याची सोय नसते तेथील पोकळी रिकामी राहत नाही. ती संशयाने भरून निघते. चोर सापडला नाही की परक्यावर, भटक्यावर, ठरावीक वस्तीवर बोट दाखवणे सोपे पडते. म्हणून साक्षीदाराची सोय ही केवळ लुटल्या गेलेल्याची सोय नाही. ज्याच्यावर नाहक आळ येऊ शकतो अशा निरपराध माणसाचेही ते संरक्षण आहे, कारण चोर कोण होता याइतकेच चोर कोण नव्हता हेही साक्षीदारच सांगू शकतो.

कॅमेरा पुरेसा आहे काय?

आता सर्वत्र कॅमेरे आहेत, साक्षीदाराची गरज काय, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. त्यात तथ्यांश आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत खार येथे एका कोरियन तरुणीचा रस्त्यात विनयभंग झाला, तेव्हा ती स्वतःच्या प्रवासाचे थेट प्रक्षेपण करीत होती. दूरवरच्या प्रेक्षकांनी तो प्रकार घडतानाच पाहिला, पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवला आणि दोघांना अटक झाली. तिच्या मदतीला दोन भारतीय तरुण धावून आले आणि तिने त्यांचे जाहीर आभार मानले, हेही येथे आवर्जून सांगितले पाहिजे.

परंतु प्रत्येक यात्रेकरू असे प्रक्षेपण करीत हिंडत नाही आणि कॅमेऱ्याचे चित्र न्यायालयात आपोआप पुरावा होत नाही. जालन्याच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये असे ठरवले की मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलेले नसेल, तर अशा नोंदीच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र असलेच पाहिजे. शिवाय चित्रातील हात कोणाचा, पिशवी कोणाची, ती हाती दिली की हिसकावली, हे सांगावयास माणूसच लागतो. कॅमेरा दाखवतो, शपथ घेत नाही आणि उलटतपासणीला उत्तर देत नाही.

सिंहस्थाच्या निमित्ताने

हे सारे आज मांडण्याचे कारण स्थानिक आहे. जाहीर झालेल्या कार्यक्रमानुसार नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चे असून प्रमुख स्नाने ऑगस्ट व सप्टेंबर २०२७ मधील आहेत. भारताच्या सर्व प्रांतांतून आणि परदेशांतूनही माणसे येथे येतात. आपल्याला जे गाव घर वाटते ते त्यांच्या दृष्टीने परमुलूख असते. त्यांना येथली भाषा येत नाही, कोणते ठाणे कोठे हे ठाऊक नसते, आणि बहुतेकांची परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची असते. दक्षिण युरोपातील त्या अधिकाऱ्याने आम्हाला विचारलेला प्रश्न येथे लाखोंना लागू पडेल.

त्यात आपल्याकडे हद्दीचाही घोळ आहे. रामकुंड आणि तपोवन शहर पोलीस आयुक्तालयाकडे, त्र्यंबकेश्वर ग्रामीण पोलिसांकडे, तर नाशिकरोड स्थानकाचा परिसर लोहमार्ग पोलिसांकडे. यात्रेकरू एका दिवसात या तिन्ही हद्दी ओलांडतो. कोणत्याही ठाण्याने हद्दीचा प्रश्न न काढता फिर्याद नोंदवून घ्यावी असे नव्या संहितेने सांगितले आहे. ते कागदावर न राहता गोदाघाटावर दिसावे, एवढीच मागणी आहे.

त्यासाठी चार गोष्टी करता येतील. पहिली, मेळ्याच्या क्षेत्रात तिन्ही पोलीस दलांची संयुक्त जबाब केंद्रे असावीत आणि तेथे यात्रेकरूच्या भाषेत त्याचे म्हणणे दृक्श्राव्य पद्धतीने नोंदवले जावे. दुसरी, मेळ्याच्या काळात प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांची न्यायालये तेथेच बसावीत. वीस हजार रुपयांपर्यंतच्या चोरीचा खटला आता संक्षिप्त पद्धतीने चालवता येतो. जुन्या कायद्यात ही मर्यादा दोन हजारांची होती. चोर जागेवर पकडला गेला असेल तर त्याला वकील देऊन, उलटतपासणीची पूर्ण संधी देऊन, साक्षीदार गाव सोडण्यापूर्वी साक्ष पूर्ण व्हावी. तिसरी, आरोपी मागाहून सापडल्यास साक्षीदाराला नाशिकला न बोलावता त्याच्या जिल्ह्याच्या न्यायालयातून दृक्श्राव्य साक्ष घेतली जावी आणि त्याचा भत्ता वेळेवर मिळावा. चौथी, प्रत्येक साक्षीदाराला त्याच्या भाषेत एक चिठ्ठी मिळावी, जीत गुन्ह्याचा क्रमांक, पुढे काय होईल आणि चौकशी कोठे करावी हे लिहिलेले असेल.

यावर दोन आक्षेप संभवतात. गर्दी आवरता आवरता पोलिसांची दमछाक होते, त्यांना ही नवी जबाबदारी कशाला, हा पहिला. तो गैर नाही. परंतु भाषांतराचे आणि वाट दाखविण्याचे काम पोलिसांनीच केले पाहिजे असे नाही. नाशिकच्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत. गुजराती, तेलुगू, बंगाली, भोजपुरी बोलणारी कुटुंबे सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत आहेत. निवृत्त शिक्षक आणि न्यायालयांतील अनुभवी कारकून आहेत. त्यांना चार दिवसांचे प्रशिक्षण देऊन या केंद्रांवर बसवता येईल. दुसरा आक्षेप घाईतील न्यायाचा. घाईत निरपराध्याला शिक्षा होऊ नये, हे खरेच. म्हणूनच आरोपीला वकील आणि उलटतपासणी या दोन अटींत तसूभरही सूट असू नये. परंतु साक्षीअभावी अनेक महिने कोठडीत खितपत पडून अखेर सुटणे हादेखील न्याय नव्हे.

कुंभमेळ्यासाठी घाट बांधले जातात, रस्ते रुंद होतात, पाण्याची आणि स्वच्छतेची व्यवस्था होते. या खर्चाच्या मानाने काही खोल्या, काही यंत्रे आणि काही दंडाधिकारी ही तरतूद नगण्य आहे. कुंभमेळा प्राधिकरणाने, जिल्हा न्यायालयाने आणि तिन्ही पोलीस दलांनी एकत्र बसून ती आताच ठरवावी. मेळा सुरू झाल्यावर अशा गोष्टी सुचतात, पण होत नाहीत. घरी येणाऱ्याला आपण अतिथी म्हणतो. त्याने येथे जे पाहिले आणि सोसले ते तो गाव सोडण्यापूर्वी नीट ऐकून घेणे, हाही त्याच्या पाहुणचाराचाच एक भाग आहे.